आशाताईंचे तीनशे तास

गावागावांत सरकारी आरोग्य योजनांचे काम घरोघर नेणाऱ्या आशाताईंच्या प्रशिक्षणाचा हिशेब मांडायला फार वेळ लागत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, तेव्हा पहिल्या पाच पुस्तिकांसाठी २३ दिवस ठरले. नंतर सहावी आणि सातवी पुस्तिका आली. त्यासाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, म्हणजे आणखी २० दिवस. एकूण ४३. दिवसाला सात तास धरले तर तीनशे तास. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात आता ३० तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, धरला जातो. म्हणजे हे सगळे प्रशिक्षण घेतलेल्या आशाताईच्या नावावर, नुसते वर्गातले तास मोजले तरी, दहा श्रेयांक जमा असायला हवेत. पंधरा-पंधरा वर्षे वस्त्या पालथ्या घातलेल्या बाईचे कामाचे तास मोजायला बसलो तर आकडा पदवीच्याही पलीकडे जाईल. प्रत्यक्षात कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी तिचे खातेच नाही.

हे खाते उघडले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी आशाताईंच्या शिक्षणाची जबाबदारी अंगावर घ्यावी. प्रमाणपत्र, मग पदविका, मग पदवी अशी चढती वाट तयार करावी, आणि त्या वाटेच्या प्रत्येक टप्प्याला सरकारने पगार जोडावा. यातली शेवटची अट सोडली तर बाकीचे सगळे करून उपयोग नाही. त्याकडे मी पुढे येतोच.

आधी काम काय आहे ते पाहू. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. गरोदर बाईची नोंद, तपासण्या, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यात बाळंतपण, मग बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत ठरलेल्या दिवशी घरभेटी. बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, मिनिटाला श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका ओळखून बाळाला पुढे पाठवायचे. क्षयरोग्याला गोळ्या, कुष्ठरोगाचा सर्व्हे, तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरसाठीचा फॉर्म, लसीकरणाच्या दिवशी घराघरातून बाळे गोळा करणे. शिवाय जे जे ऑनलाईन भरायचे असेल ते ते स्वतःच्या मोबाईलवर. कोविडच्या काळात घरोघर जाऊन ऑक्सिजन मोजणाऱ्याही याच होत्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. सगळ्यांनी अभिनंदन केले. पगाराच्या प्रश्नावर मात्र त्या अजूनही स्वयंसेविकाच आहेत. त्यांना मिळतो तो कामागणिक मोबदला आणि वर मानधन.

एवढ्या कामाला थोडक्यात उरकलेले प्रशिक्षण आणि नोकरीचा दर्जा नसणे, या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. शिक्षण तुटक आहे म्हणून दर्जा मागता येत नाही, आणि दर्जा नाही म्हणून शिक्षणावर खर्च करावासा वाटत नाही. बाई शिकली, तिच्या हातात विद्यापीठाचा कागद आला की ती वेतनश्रेणी मागणार, हे प्रशासनाला चांगले ठाऊक असते. माझ्या मते आशांचे शिक्षण सतत कार्यक्रमागणिक तुकड्यांमध्ये राहिले याचे एक कारण हेच आहे.

सरकारला हे जमत नाही, असे म्हणायला जागा नाही. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, तेव्हा तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचे ठरले. आयुर्वेदाचे पदवीधर आणि परिचारिका यांना त्या कामासाठी तयार करायचे होते. मग काय केले? सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठासारखी विद्यापीठे त्यात उतरली, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले, नेमणूक झाली, पगार सुरू झाला. सगळी साखळी जुळली. त्याच उपकेंद्रात त्याच अधिकाऱ्याला गाव दाखवणारी, कोणत्या घरात कोण आजारी आहे हे सांगणारी आशाताई मात्र या साखळीच्या बाहेर राहिली. तिच्यासाठीही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत प्रमाणपत्र परीक्षा आहे. ती चांगली गोष्ट आहे. पण त्या प्रमाणपत्रातून पुढे ना पदविकेची वाट फुटते, ना वेतनश्रेणीची.

इतिहासातही मागे जाऊन पाहायला हवे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावपातळीवरच्या आरोग्यरक्षकांची योजना सुरू केली होती. प्रशिक्षण तीन महिन्यांचे, मानधन महिना ५० रुपये. निवड बहुतेक पुरुषांची झाली, आणि ती गावातल्या वजनदार माणसांच्या मर्जीने झाली. त्यांना ना वर कोणी विचारत होते, ना खाली औषधे पोहोचत होती. हळूहळू ती योजना विरून गेली. त्यातून आपण एक धडा घेतला: निवड बायकांची करायची. तो बरोबरच होता. पण त्या वेळी निदान तीन महिने सलग शिकवायला हवे असे वाटले होते. २००५ मध्ये आपण सुरुवात केली ती २३ दिवसांनी, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

इथे एक मोठा आक्षेप येतो आणि तो महाराष्ट्रातूनच येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांच्या गावोगावच्या आरोग्यसेविकांमध्ये अक्षरओळखही नसलेल्या कितीतरी होत्या, अनेक दलित समाजातल्या. त्यांनी बाळंतपणे केली, कुपोषण हटवले, कुष्ठरोग्यांना घरात घ्यायला गावाला भाग पाडले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरातल्या आशा ज्या गृहभेटी करतात त्यांचे मूळ तिथे आहे. मग, लोक विचारतात, महाविद्यालय हवेच कशाला? कॉलेजशिवाय हे झालेच ना?

झाले. पण ते कसे झाले ते बघा. जामखेडच्या बाया दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, मुक्काम करायच्या, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगायच्या, त्यावर चर्चा व्हायची, नवे शिकायच्या आणि परत जायच्या. हे वर्षानुवर्षे चालले. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या, म्हणजे असे शिकवलेल्या बाईच्या, पाठीशी देखरेख करणारे माणूस वरचेवर जायचे, तिची नोंद तपासायचे, चुकले तर तिथेच दाखवायचे. ज्याला आपण चांगले शिक्षण म्हणतो ते हेच आहे: लांबवर चालणारे, एकाच शिक्षकाशी नाते असलेले, कामाच्या जागी दुरुस्त होत जाणारे. या दोन्ही ठिकाणी एक संस्था स्वतःच विद्यापीठ होऊन उभी राहिली होती. तिथले डॉक्टर कुठे बदलून जात नव्हते, निधी संपला म्हणून वर्ग बंद होत नव्हता. सरकारी योजनेने यातल्या पुस्तिका घेतल्या, गृहभेटींचे तक्ते घेतले. संस्था घेतली नाही. राज्याने जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने आशांना, अशी उतरंड लावली. वरून खाली येता येता समजावून सांगणे गळून जाते आणि सूचना तेवढ्या उरतात. सत्तर हजारांच्या आसपास आशा असलेल्या राज्यात, प्रत्येक तालुक्याला आरोळे आणि बंग मिळणार नाहीत. टिकून राहणारी, शिकवणे हाच ज्यांचा रोजचा उद्योग आहे अशी संस्था प्रत्येक जिल्ह्यात एकच सापडते, आणि ती म्हणजे महाविद्यालय.

महाविद्यालयाने काय शिकवायचे, हा खरा गाभ्याचा प्रश्न. पुस्तिकेत आहे तेच पुन्हा शिकवायचे असेल तर या खटाटोपाला अर्थ नाही. आशाताई आज माहिती गोळा करते आणि वर पाठवते. वरून तिच्याकडे फारसे काही येत नाही. तिच्या रजिस्टरमध्ये गावाचे अख्खे आरोग्य लिहिलेले असते, पण ते वाचायला तिला कोणी शिकवलेले नसते. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र सुरू होते ते मोजण्यापासून. किती बाळे जन्मली, त्यातली किती अडीच किलोच्या आत, ती कोणत्या वस्तीतली, त्या वस्तीत पाणी कुठून येते, त्या आया गरोदरपणात कुठे कामाला जात होत्या. हे प्रश्न एका मागे एक विचारायला शिकलेली बाई आणि फॉर्म भरणारी बाई यांच्यात फार मोठा फरक आहे. पहिली ग्रामसभेत उभी राहून सांगू शकते की आपल्या गावात कमी वजनाच्या बाळांपैकी बहुतेक या एकाच तांड्यावरची आहेत आणि तिथल्या अंगणवाडीत वजनकाटा नाही.

बीड जिल्ह्याचे उदाहरण घेतो. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. तरुण वयात, पाळीचा आणि अंगावरून जाण्याचा त्रास सांगायला गेलेल्या बायकांची गर्भाशये काढली गेली होती. सरकारला समिती नेमून हजारो बायकांची पाहणी करावी लागली. ही गोष्ट काही त्या वर्षी घडली नव्हती. वर्षानुवर्षे घडत आली होती, आणि गावातल्या बायकांना घरागणिक माहीत होती. पण तिची मोजदाद करायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचे मूल सोडून तिशीतल्या बाईच्या पोटदुखीची नोंद कोण ठेवणार? आपल्या गावात तिशी-पस्तिशीच्या किती बायांचे ऑपरेशन झाले, कोणत्या दवाखान्यात, कोणी सांगितले म्हणून, एवढी यादी जरी तालुक्यातल्या दहा आशांनी मिळून केली असती आणि ती ऐकून घेणारा एक शिक्षक असता, तर हा प्रश्न कितीतरी आधी उघड्यावर आला असता, असे मला मनापासून वाटते. शिवाय ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतल्या बाळांच्या लसी चुकतात, गरोदर बाया तोडीवर असतात, हे दर दिवाळीनंतरचे चित्र. गावाकडची आशा आणि कारखान्याकडची आशा यांनी एकमेकींना नावे कशी कळवायची, हा एखाद्या पदविका अभ्यासक्रमातला उत्तम प्रकल्प होऊ शकतो. तो कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जास्त शिकवेल.

दुसरी गोष्ट बोलण्याची. सासू ऐकत नाही, नवरा पैसे देत नाही, भगत म्हणतो थांबा. अशा घरात आशा काय बोलते यावर बाळ जगते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारात भिली आणि पावरी बोलणाऱ्या घरांत हे बोलणे चालते. प्रमाण मराठीतली पुस्तिका तिथे अर्धीच पोहोचते. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गांत तर बहुतेक सगळे इंग्रजीत चालते. आशांना शिकवायचे म्हणजे त्या विभागांना आधी आपली भाषा बदलावी लागेल. त्यात त्यांचाच फायदा आहे. ज्या विषयाचा सगळा पसारा लोकांमध्ये आहे तो लोकांच्या भाषेत मांडता येत नसेल, तर तो विषय अजून नीट रुजलेला नाही.

आता धोके. ते खरे आहेत आणि मला त्यांची काळजी आहे. सगळ्यात मोठा धोका असा की प्रमाणपत्र हीच आशा होण्याची अट बनेल. एकदा ती अट आली की तालुक्याच्या ठिकाणी फी भरून कोर्स करता येणाऱ्या घरातल्या मुली पुढे येतील आणि पाड्यावरची, आठवी-दहावी झालेली, सगळ्यांच्या बाळंतपणाला धावणारी बाई मागे पडेल. खासगी दुकाने निघायला तर महिना पुरणार नाही. पॅरामेडिकलच्या नावाखाली काय चालते ते आपण पाहतोच. म्हणून निवड गावानेच करायची, शिक्षण निवडीनंतर द्यायचे, सरकारी खर्चाने द्यायचे, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांत तिचा बुडणारा मोबदला भरून द्यायचा, हे नियमात लिहिलेले हवे. अनुभवाचेही श्रेयांक हवेत. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रमाणपत्रासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत: १६० तासांचे प्रशिक्षण, किंवा किमान हजार तास काम केल्याचा अनुभव. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या बाईला पुन्हा पहिलीच्या बाकावर बसवायचे नाही, हा त्यामागचा विचार आपल्याला थेट लागू पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजने १९९२ मध्ये अशा कार्यकर्त्यांसाठी श्रेयांक मिळवून देणारा अभ्यासक्रम सुरू केला, तो आजवर टिकला. इथिओपियाने तर २००३ पासून दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून गावोगाव पगारी नेमले; देश आपल्यापेक्षा गरीब असूनही.

महाराष्ट्रात हे उभे करायला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असतो, ज्याला सगळे पीएसएम म्हणतात, आणि त्याचे एक ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी गावात राहून घराघराची पाहणी करतात. तिथे भावी डॉक्टरांना गाव दाखवणाऱ्या बाईला त्याच कामाचे श्रेयांक का मिळू नयेत? ती तर शिक्षक म्हणून उभी राहू शकते, आणि शिक्षक म्हणून तिला मानधनही मिळायला हवे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण चालते. त्यांनी पाठ्यक्रम आणि शिक्षक घडवावेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी परीक्षेच्या वाटेने दहावी-बारावी न झालेल्या असंख्य माणसांना पदवीपर्यंत नेले. असा अनुभव हाताशी असताना, आठवी झालेल्या आशाला कसे चढवायचे हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक पदवीधर असतात, त्यांना वीस-बावीस आशांची नस ठाऊक असते. त्या पहिल्या शिक्षिका.

वर्ग मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात भरायला हवा. जिल्ह्याच्या गावी बोलावले तर घरचे स्वयंपाकपाणी, लहान मूल, शेवटची एसटी या तीन गोष्टींत निम्म्या बाया गळतील. महिन्याला दोन दिवस, वर्षभर, तोच शिक्षक, अधूनमधून तिच्या गावात येऊन कामात बघणारा. परीक्षा लेखी कमी आणि हाताची जास्त: बाळाचे श्वास मोजून दाखव, बीपी घेऊन दाखव, तुझ्या गावाचा नकाशा काढ आणि या वर्षी सगळ्यात जास्त काळजी कोणत्या वस्तीची वाटते ते आकड्यांनी सांग.

आणि पगार. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. मानधनवाढीची घोषणा झाली, पण शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या आणि आझाद मैदानावर येऊन बसल्या. लेकराबाळांच्या बाया मुंबईत उघड्यावर रात्री काढतात तेव्हा त्यांच्यापुढे अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक धरणे मला शोभणारे वाटत नाही. शिक्षण हे पगाराऐवजी देण्याची वस्तू नाही. परिचारिकांचा प्रवास इथे उपयोगी पडतो. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विधवा आणि गरजू बायकांना परिचारिकेचे शिक्षण देऊ केले, तेव्हा ते काम हलके समजले जाई. पुढे रीतसर अभ्यासक्रम, १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा, नोंदणी आणि पदे अशी एकेक वीट बसत गेली. शिक्षण आणि पदे बरोबरीने वाढली, म्हणून तो व्यवसाय झाला.

तेव्हा ज्या शासन निर्णयाने अभ्यासक्रम सुरू होईल, त्याच शासन निर्णयात प्रमाणपत्रधारक आशाला कोणती वेतनश्रेणी, पदविकाधारकाला कोणती, आणि सरकारी पगारी आरोग्यसेविकेच्या किती जागा आशांमधून भरणार, हे लिहिलेले असायला हवे. तसे नसेल तर आशा संघटनांनी हा अभ्यासक्रम नाकारावा, असे मी त्यांना सांगेन. सुरुवात दोन-तीन जिल्ह्यांतून करता येईल. वर्ध्यात सेवाग्राम आहे, गडचिरोलीत अनुभव आहे, बीडमध्ये गरज आहे. पहिल्या तुकडीत सगळ्यात जुन्या आशांना घ्यावे, कारण निवृत्तीच्या आधी त्यांना याचा लाभ मिळाला पाहिजे, आणि त्यांना जे माहीत आहे ते पुढच्या अभ्यासक्रमात लिहून घ्यायला आपल्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत.